कप्तानाच्या घरातला पसारा

होड्या शाकारल्या की आमच्या बुरोंडीचा आवाज बदलतो. एरवी इंजिनांची धडधड, बर्फ फोडल्याचे दणके, मासळीच्या लिलावात चढलेले गळे. पावसाळी बंदी लागली की हे सगळं एकदम थांबतं आणि एकटा समुद्र तेवढा बडबडत राहतो. होड्या वाळूवरून ओढून वर आणलेल्या असतात. पूर्वी त्यांच्यावर माडाची झापं घालत, आता निळं प्लास्टिक ताणून बांधतात. त्याखाली जाळी, दोर, कुणाची राहून गेलेली चप्पल, सगळं अंधारात नारळी पुनवेची वाट बघत पडून असतं.

काल त्या निळ्या पाठी पुन्हा रांगेनं दिसल्या. बंदीचे दिवस आले म्हटलं की कुणाला सुक्या मासळीचं कालवण आठवतं, कुणाला भाजलेल्या आठळ्या. मला आठवतो एका परक्या माणसाचा दिवाणखाना. मखमलीच्या खुर्च्या, भिंतीवर हरणाचं मुंडकं, छताला काचेचं झुंबर, आणि त्या झुंबरात अडकलेला एक कलथा. त्या घरात मी पायांनी कधी गेले नाही, पण तिथली प्रत्येक खोली मला माझ्या स्वयंपाकघरासारखी पाठ आहे.

त्या वर्षी माझी दीपाली चौथीत होती. आमच्या कुंपणापलीकडे नसीमाभाभींचं घर. त्यांचा नवरा कुवेतला ट्रक चालवायचा. सुट्टीवर आला तेव्हा तो कम्प्युटर घेऊन आला. बाहेरच्या खोलीत टेबलावर, क्रोशाच्या रुमालाखाली तो ठेवलेला असे, आणि रुमाल काढताना भाभी तोंडातल्या तोंडात बिस्मिल्ला म्हणायच्या. त्यांची अफरीन दीपूच्याच वर्गातली. पाऊस, चिखल, किनाऱ्यावर जायला बंदी. शाळा सुटली की दोघी त्या कम्प्युटरसमोर एकाच खुर्चीवर अर्ध्या अर्ध्या बसलेल्या असायच्या. मला बरं वाटायचं. डोळ्यांसमोर तर आहेत, पाण्यात तर जात नाहीत.

एक दिवस जेवताना मी सहज विचारलं, ‘आज काय खेळलात?’

‘शोधायचा खेळ,’ दीपू म्हणाली. ‘आज घुबड सापडलं, कात्री सापडली, विषाची बाटली, कवटी, आणि कप्तानाची टोपी. टोपीवर लाल डाग होता. मी म्हटलं रक्त. अफरीन म्हणते, पान खाल्लं असेल त्यानं.’

मी भात वाढत होते, ती वाढतच राहिले. ताटात डोंगर झाला तेव्हा दीपूनं हात आडवा धरला.

खेळ असा होता. एका बेटावर मोठं घर, ते एका जहाजाच्या कप्तानाचं. कप्तान समुद्रावर गेला तो परतलाच नाही. जहाज रिकामं सापडलं. आता त्याची लहान मुलगी दारात उभी राहून आपल्याला म्हणते, माझ्या बाबांना शोधून द्या. मग एकेक खोली उघडते. खोलीत हा पसारा, आणि खाली शोधायच्या वस्तूंची इंग्रजी नावं. वस्तू दिसली की तिच्यावर टिचकी मारायची, ती नाहीशी होते. सगळ्या सापडल्या की फुटक्या होकायंत्राचा एक तुकडा मिळतो आणि पुढचं दार उघडतं. असे तुकडे जोडत जायचे, म्हणजे शेवटी कप्तानाचं काय झालं ते कळतं.

कवटीचं मला काही नव्हतं. कोकणातल्या पोरांना भुतांच्या गोष्टी दुधातूनच मिळतात. मला टोचला तो कप्तान. दीपूचे बाबा तेव्हा मालवाहू जहाजावर होते, इंजिनखान्यात. आमच्याकडे नुसतं ‘बोटीवर आहेत’ म्हणतात आणि ऐकणारा पुढचं समजून घेतो. जहाज बंदराला लागलं की फोन यायचा, एरवी काही नाही. त्या मोसमात बरेच दिवस फोन आला नव्हता, आणि त्यातच आंब्याची फांदी पडून तार तुटली नि गावातले सगळे फोन मुके झाले. मोबाइलला रेंज हवी तर वर सड्यावर, कातळाच्या माथ्यावर, चढावं लागे. तिथून मी भिजत मुंबईच्या ऑफिसात फोन लावला, तर तिथला माणूस म्हणाला, जहाज वाटेत आहे. वाटेत म्हणजे कुठे, ते समुद्रालाच ठाऊक.

सासूबाईंना हे मी सांगितलं. त्यांना आम्ही आये म्हणायचो. आये ओटीवर सूप घेऊन सुका जवळा निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, ‘फोन नाय म्हंजे बरा हाय तो. वायट खबर तारेची वाट बगत नाय गो, ती चालत येते.’

आयेंचा जन्म समुद्राच्या काठी गेला. मी पडले सावर्ड्याची, हायवेवरची, भातशेतीवाल्यांची मुलगी. आमच्या गावात माणूस सकाळी बाहेर पडला की संध्याकाळच्या एसटीनं परत येतो. नाही आला तर पुढच्या एसटीनं येतो. लग्न होऊन इथे आले आणि वाट बघण्याचं सगळं गणितच बदललं. त्यातून मला एक खोड लागली. मी संध्याकाळी गावच्या वाचनालयात बसायची, आणि मुलांच्या हातात पुस्तक देण्याआधी त्याचं शेवटचं पान वाचायची. कुत्रा जगला का, हरवलेली आई परत आली का, तेवढं बघायचं. शेवट बरा असला तर पुस्तक खालच्या फळीवर, नाहीतर वरच्या. हे मला चिडवायचे, ‘लग्नाआधी माझं पण शेवटचं पान बघून घेतलंस काय?’ मी म्हणायची, बघायला मिळालं असतं तर सोडलं असतं होय?

या खेळाचं शेवटचं पान कुठे उलटायचं? दीपूला बोलवायला भाभींकडे गेले तेव्हा मी खेळाची सीडी हातात घेऊन उलटी केली, तर तिच्यात माझंच तोंड दिसलं. खोक्यावर एक आकडा होता आणि त्यापुढे अधिकचं चिन्ह, म्हणजे एवढ्या वर्षांवरच्या मुलांना हा खेळ चालेल. कुणी ठरवलं असेल हे? त्या माणसाच्या घरातलं कुणी बोटीवर असेल का? कप्तान शेवटी मेलेला निघाला तर माझ्या पोरीचं काय होईल, हे त्याला कुठून कळणार? ती बाबांबद्दल हल्ली विचारतही नव्हती. विचारत नाही म्हणजे मनात धरून बसली आहे, असंच मी घेतलं.

खेळ बंद करायला सांगावा तर तो माझ्या घरातला नव्हता. तरी मी धीर करून नसीमाभाभींकडे गेले. त्यांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, ‘वयनी, माझा नवरा वाळवंटात गाडी हाकतो. म्हणून काय अफरीनला मी वाळूत खेळू देऊ नको?’

चहाचा कप माझ्याकडे सरकवत त्या पुढे म्हणाल्या, ‘पन तुमच्या जिवाला घोर लागलाय तो खोटा नाय. आपन असा करू. पोरी शाळेत गेल्या की आपन दोघी बसू. पोरींच्या आधी शेवटाला जाऊ नि बघू त्या कप्तानाचा काय झाला तो. वायट असला तर सीडी मी चुलीत घालते, सांगते उंदरान नेली.’

अशा तऱ्हेनं दोन बायका, एक हात सोड्यांच्या वासाचा आणि दुसरा मसाल्याच्या, एका साहेबाच्या घरात चोरपावलांनी शिरल्या.

उंदीर, म्हणजे कम्प्युटरचा, धरायला शिकण्यातच आमचा पहिला दिवस गेला. भाभींचा बाण पडद्याबाहेर पळायचा, माझा एकाच जागी थरथरायचा. पण एकदा नजर बसली आणि आम्ही हरवूनच गेलो. काय तो पसारा! खुर्चीच्या पायात बासरी, पुस्तकांमध्ये मासा, पडद्याच्या झालरीत सुरी. भाभींना वस्तू शोधण्यापेक्षा रागच जास्त यायचा. ‘या बायचा कलथा झुंबरात कसा गेला म्हनते मी? नवरा हरवला तो नंतर बगू, आधी झाडू खंय हाय तिची?’ झाडू यादीत नसायची, तरी भाभी ती शोधायच्या. सापडली की त्यांना समाधान वाटायचं.

इंग्रजी नावं वाचायचं काम माझं. एका खोलीत ‘थिंबल’ आलं. बी.ए. होऊनही मला येईना. घरी पळत येऊन शब्दकोश उघडला तर अंगुस्तान. परत जाऊन सांगितलं, तर भाभी म्हणाल्या, शिवताना बोटात घालतात ते टोपण ना, ते कवाच दिसलंय मला, नाव तुम्ही सांगत नव्हता. मग खुर्चीला पाय अडकून पडता पडता वाचले, इतके हसलो आम्ही.

वीज जायची वेळ ठरलेली असायची. भारनियमनाचे दिवस ते. ऐन रंगात यूपीएस टिवटिवायला लागला की भाभी घाईनं बाहेर पडायचं बटण दाबायच्या, आणि आम्ही एकदम कप्तानाच्या बेटावरून भाभींच्या अंधाऱ्या खोलीत येऊन पडायचो. बाहेर पाऊस कोसळत असायचा. अंगणात कोंबड्या अंग चोरून बसलेल्या. घरी जाताना पाण्यातून पाय टाकत मी स्वतःशी म्हणायची, मुलीच्या काळजीपोटी चाललंय हे सगळं. थोडं खरं होतं ते. बाकी मला ते शोधणं आवडायला लागलं होतं. खऱ्या समुद्रावर मी कुठे शोधणार होते? इथे निदान यादी होती, आणि यादीतली प्रत्येक वस्तू त्याच खोलीत आहे याची हमी होती. डोळे फाडून बघत राहिलं की सापडतंच, अशी जागा जगात कुठे असते?

एक मात्र आम्हां दोघींच्या लक्षात आलं नाही. नवा खेळणारा म्हणून स्वतःचं नाव घालायचं असतं हे आम्हांला ठाऊकच नव्हतं. आम्ही मुलींच्याच नावावर टिचकी मारून आत शिरायचो. आम्ही बाहेर पडलो की उचललेला पसारा आपोआप परत जागच्या जागी येत असेल, असं आम्ही धरून चाललो होतो. आमच्या घरातला तर येतोच.

मग ती तळघरातली खोली आली. ओल्या भिंती, दोरांची वेटोळी, कंदील, आणि कोपऱ्यात खुंटीला टांगलेला कप्तानाचा रेनकोट. यादीत खाली लिहिलं होतं, बूट. बूट अगदी समोर होते. खोलीच्या मधोमध, उजेडात, कुणीतरी आत्ता काढून ठेवल्यासारखे. यांचे असेच काळे बूट होते. सुट्टीवर आले की दारात असेच एकमेकांवर पाय दिल्यासारखे पडलेले असायचे आणि मी त्यावरून बोलायची. माझा बाण त्या बुटांपाशी गेला आणि थांबला. टिचकी मारली की ते नाहीसे होणार होते. मी बाण बाजूला नेला आणि कंदील उचलला, मग दोर उचलला, मग उगाच कुठेतरी टिचक्या मारत राहिले. भाभींनाही बूट दिसले असणार. मग यूपीएस टिवटिवला.

त्या दिवशी संध्याकाळी आये आणि दीपू ओटीवर जवळा निवडत बसल्या होत्या. जवळा म्हणजे केसाएवढी बारीक सुकी कोळंबी. तिच्यात खडे, काड्या, शिंपल्यांचे कपचे, खेकड्याचा एखादा पाय. ते सगळं वेचून काढायचं. आयेंचा यात एक दंडक होता, तो त्या घरातल्या प्रत्येक पोरीला शिकवायच्या: सुपाचा एक कोपरा धरायचा, तो साफ झाल्याशिवाय दुसरीकडे बोट न्यायचं नाही. मला तो कधी जमला नाही. दिसेल तो खडा उचलायचा, इथला एक, तिथला एक, असं माझं चालायचं आणि कालवणात दाताखाली कचकन यायचं. आये म्हणायच्या, ‘सावर्ड्याची हाय ती, तिला भातातलाच खडा दिसतो.’

मी सूप घेऊन दीपूशेजारी बसले. ती माझ्या बोटांकडे बघत होती. थोड्या वेळानं म्हणाली, ‘आई, तू तिथंपण कोपरा धरत नाहीस.’

‘कुठे तिथं?’

‘कप्तानाच्या घरात.’

माझी बोटं सुपात थांबली. ती मात्र निवडत राहिली. ‘डावीकडचं सगळं नीट साफ असतं. कोपऱ्यापासून सुरू करून मधोमध. ती नसीमाचाची. उजवीकडे उंदरानं कुरतडल्यासारखं. इथलं एक गेलेलं, तिथलं एक गेलेलं. ती तू.’

‘तुला कधी कळलं?’

‘पहिल्याच दिवशी. अफरीन म्हणाली, खेळू दे त्यांना, घरात बसून कंटाळत असतील.’

आये पदर तोंडाला लावून हसत होत्या. मलाही हसू यायला हवं होतं. पण दीपूनं एक खडा अंगणात भिरकावला आणि म्हणाली, ‘बूट का ठेवलेस ग? समोर तर होते.’

आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. मी विचारलं, ‘दीपू, तुला भीती नाही वाटत? तो कप्तान सापडलाच नाही तर?’

‘नाही सापडला तर नाही सापडला. खेळ आहे तो.’

‘आणि बाबा? बाबांचा फोन नाही इतके दिवस.’

तिनं पहिल्यांदा वर बघितलं. तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती, मनात दडवलेलं काही नव्हतं. गणितात सोपी चूक करणाऱ्याकडे बघावं तसं ती माझ्याकडे बघत होती. ‘आई, कप्तान हरवलाय. बाबा कुठे हरवलेत? बाबा कामावर गेलेत.’

एवढं बोलून ती पुन्हा तिच्या कोपऱ्याकडे वळली. मला काय झालं ते मी नीट सांगू शकत नाही. रडू आलं, पण ते सुखाचं होतं. छातीवर कुणीतरी ठेवलेला पाटा कुणीतरी उचलून नेला. इतके दिवस मी त्या पोरीची भीती शोधत होते, तिच्या डोळ्यांत, तिच्या झोपेत, तिच्या न विचारलेल्या प्रश्नांत. ती तिथे नव्हतीच. ती सगळी माझ्याकडे होती, पदरात बांधून घेऊन मी घरभर हिंडत होते. आयेंनी माझ्याकडे बघितलं आणि आपल्या सुपातला अर्धा जवळा माझ्या सुपात ओतला. ‘धर कोपरा,’ म्हणाल्या, ‘रडून जवळा भिजवू नको.’

तार जोडायला माणसं आली ती त्यानंतर थोड्याच दिवसांत. आणि एका दुपारी, मी कपडे चुलीवर सुकवत असताना, फोन वाजला. इतके दिवस मुका असलेला फोन वाजला की घर दचकतं. पलीकडे खरखर, मग यांचा आवाज. जहाजाचं इंजिन बिघडलं होतं, मधेच खोळंबले होते, आता बंदराला लागले होते. ‘घाबरलीस काय?’ यांनी विचारलं. मी म्हटलं, ‘छे, मी कशाला घाबरते?’ माझ्या हातातून रिसीव्हर ओढून घेत दीपूनं सांगून टाकलं, ‘बाबा, आई खूप घाबरली होती. मी नाही. बाबा, आमचा कप्तान हरवलाय, पण आम्हाला होकायंत्र जवळजवळ पूर्ण मिळालंय.’ पलीकडे हे एवढं मोठ्यानं हसले की मला ते लांब उभी राहूनही ऐकू आलं.

दुसऱ्या दिवशी मी भाभींकडे गेले, तळघरात उतरले आणि मुलींनी माझ्यासाठी तसेच ठेवलेले ते बूट उचलले. एक टिचकी. नाहीसे झाले. काही वाटलं नाही. भाभींनी माझ्या पाठीवर थाप मारली आणि डावा कोपरा धरला.

मुलींनी खेळ संपवला तो नारळी पुनवेच्या सुमारास. होड्यांवरची प्लास्टिकं उतरत होती, इंजिनांना तेल-पाणी चाललं होतं, गावाचा आवाज परत येत होता. दीपू उड्या मारत घरी आली. ‘संपला! आई, शेवट सांगू?’

एरवी शेवटचं पान आधी उलटणारी मी म्हणाले, ‘नको.’ का म्हणाले, ते तेव्हा मलाही कळलं नाही. मला आता त्याची गरज राहिली नव्हती, इतकंच. वाचनालयात मात्र वरच्या फळीवरची बरीचशी पुस्तकं मी त्या वर्षी खाली आणली.

दीपू आता दापोलीला शाळेत शिकवते. पालक तिला विचारतात, बाई, हे असले गूढ शोधायचे खेळ मुलांना चालतात का? ती म्हणते, मुलांना चालतात, आयांचं काही सांगता येत नाही. मग मला फोन करून हे सांगते आणि स्वतःच हसत बसते. कप्तानाचं काय झालं, ते तिनं मला अजून सांगितलेलं नाही. मीही विचारलेलं नाही.

आज हे लिहायला बसले तेव्हा पाऊस उघडला होता. खाली किनाऱ्यावर त्या निळ्या पाठी दिसत होत्या. एवढ्यात आतून खुडबूड ऐकू आली आणि मग यांचा आवाज. बोटीवरची नोकरी संपवून हे घरी आले त्यालाही बरीच वर्षं झाली. ‘गो, माझा चष्मा बघितलास काय?’

घरात पसारा आहेच. वर्तमानपत्रं, औषधांच्या डब्या, उन्हाला ठेवून उचललेली आमसुलं, दारात एकमेकांवर पाय दिलेल्या चपला. चष्मा मला इथूनच दिसत होता, फ्रिजवर, केळ्यांच्या फणीमागे.

‘इथंच कुठेतरी असेल,’ मी म्हटलं. ‘कोपरा धरा आणि शोधा.’

आणि लिहिणं थांबवून, हे घरभर शोधत असल्याचा आवाज ऐकत बसले.